तीन उन्हाळ्यांचे काका

तालुक्याच्या गावाला एसटी स्टँड, कोर्ट, सरकारी दवाखाना आणि एक झाडवाले काका असावेच लागतात. पहिल्या तीन गोष्टी सरकार देतं. चौथी, भिंतीच्या भेगेत पिंपळ उगवावा तशी आपोआप उगवते आणि मग काही केल्या निघत नाही.

हे काका बहुधा टपाल, पाटबंधारे नाहीतर शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले असतात. महसूल खात्यातून निवृत्त झालेला माणूस या वाटेला गेलेला मी पाहिला नाही. त्या लोकांना स्वतःची शेती असते. आमचे काका पाटबंधाऱ्यातले. नोकरीत असताना त्यांनी शेतकऱ्यांना वेळेवर पाणी सोडलं की नाही, याबद्दल गावात दोन मतं आहेत. निवृत्तीनंतर रस्त्याकडेच्या झाडांना ते वेळेवर सोडतात, याबद्दल मात्र एकमत आहे, आणि तक्रारही आहे. कारण आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातलं. नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं न येता जावयासारखं येतं, आठवड्यातून एकदा आणि तेही रुसून. अशा गावात एखादा माणूस भरलेला कॅन करंजाच्या बुंध्याशी उपडा करतो, तेव्हा बघणाऱ्या चार बायकांच्या तोंडून जे निघतं ते इथं छापण्यासारखं नाही.

काकांची ओळख लांबूनच पटते. जुनी लुना, हँडलच्या दोन्ही बाजूंना गोडेतेलाचे पाच-पाच लिटरचे रिकामे कॅन, पुढं खुरपं आणि पहार. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात. काकांच्या खिशात कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड, सुतळीचं भेंडोळं आणि शिंप्याची टेप असते. भेटल्यावर ते तुमची खुशाली विचारत नाहीत. ‘तुमच्या दारच्या बहाव्याचं काय चाललंय?’ असं विचारतात. आपण म्हणावं, बहावा ठीक आहे, मलाच जरा थकवा वाटतो. ‘पाणी कमी पडत असेल,’ एवढं निदान करून ते पुढं जातात.

त्यांचे रणांगणाचे प्रसंग दोन: पाच जूनचा पर्यावरण दिन, आणि जुलैचा पहिला आठवडा. हा दुसरा म्हणजे वनमहोत्सव. केंद्रात अन्न आणि कृषिमंत्री असताना कन्हैयालाल मुन्शींनी 1950 साली तो सुरू केला. मुन्शी गुजरातीतले मोठे कादंबरीकार, त्यामुळं त्यांना ‘महोत्सव’ सुचला, असं काकांचं म्हणणं आहे. त्या खुर्चीवर एखादा माळी बसला असता तर त्यानं ‘पाणी सप्ताह’ काढला असता, आणि तो एप्रिलात ठेवला असता.

गेल्या जुलैतला कार्यक्रम मी जवळून पाहिला. मांडव, सतरंजी, ध्वनिक्षेपक, गुलाबी रिबन बांधलेलं फावडं. साहेब आले. भाषणं झाली. प्रत्येकानं तुकोबांच्या त्या अभंगापासून सुरुवात केली. त्याची पहिली ओळ महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ असते. तिसरीच्या आत चहा येतो. मग मंडळी खड्ड्याकडे निघाली. खड्डा आदल्या संध्याकाळी मजुरांनी खणलेला, वीतभर खोल. रस्त्याकडेच्या झाडाला तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल खड्डा हवा, तळाला पालापाचोळा आणि शेणखत हवं, हे काकांनी तीन अर्जांत लिहून दिलं होतं. अर्ज मिळाले होते. खड्ड्यापर्यंत पोहोचले नव्हते.

सात जणांनी मिळून दोन फुटांचं एक रोप उचललं. फोटोग्राफर म्हणाला, ‘सगळ्यांनी इकडं बघा.’ तेवढ्यात मागून आवाज आला, ‘साहेब, पिशवी.’

‘काय पिशवी?’

‘रोपाची. काळी पिशवी काढलीच नाही. मुळं आत गोल गोल फिरलीत. अशीच पुरलीत तर पुढं झाडाला त्याच्याच मुळांचा फास बसेल.’

‘काका, फोटो झाल्यावर काढू,’ फोटोग्राफर म्हणाला.

‘फोटो झाल्यावर थांबतंय कोण?’

आणि काका सातही जणांच्या मधून खाली बसले. खिशातलं ब्लेड काढलं. पिशवीला वरून खाली दोन चिरा दिल्या, मातीची हुंडी फुटू न देता ती तळहातावर घेतली, तळाशी वेटोळं झालेली मुळं अलगद छाटली, रोप उभं केलं, माती लोटली, पायानं दाबली. शेजारी काठी रोवून सुतळी सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधली. घट्ट बांधली तर खोड जाड होताना ती आत रुतते, हे साहेबांना समजावून सांगितलं. साहेबांचा बूट या वेळी मातीत होता आणि काका त्यालाच टेकून बोलत होते. सगळं झाल्यावर त्यांनी पाठीमागची वही काढली. ‘आता उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, त्याचं नाव सांगा.’

साहेबांनी मुख्याधिकाऱ्यांकडं पाहिलं. मुख्याधिकाऱ्यांनी आरोग्य निरीक्षकाकडं, निरीक्षकानं मुकादमाकडं, आणि मुकादमानं आभाळाकडं. आभाळ भरून आलं होतं. सगळ्यांनाच हायसं वाटलं.

ती वही हे या काकांचं खरं शस्त्र आहे. तिच्यात तीनच रकाने: रोप, जबाबदार, उन्हाळे. तिसऱ्या रकान्यात एकेक उन्हाळा निघाला की एक टिक. तीन टिका झाल्या की रोप पास, मग त्याला झाड म्हणायचं, तोवर नाही. लावतो तो पाऊस, त्यात माणसाची काही मर्दुमकी नाही, असं काका म्हणतात. माणसाची ड्युटी फेब्रुवारीत सुरू होते. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा आळं भरायचं, वर पाल्याचं जाड आच्छादन द्यायचं. दुसऱ्यात जरा हात आखडला तरी चालतं. तिसऱ्यात रोपाला अधूनमधून विचारायचं. मुळं एकदा खाली ओलीपर्यंत गेली की झाड आपलं आपण बघतं. एवढं साधं शास्त्र. पण त्यात फीत कापण्याजोगं काही नाही, म्हणून ते कुणी मनावर घेत नाही.

राज्यानं 2016 साली 2 कोटी, पुढच्या वर्षी 4 कोटी, 2018 ला 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी रोपांचा संकल्प सोडला होता. शेवटचा आकडा ऐकून काकांनी हात जोडले. देवांचाही हाच आकडा आहे आणि त्यांचीही जागेवर जाऊन मोजणी कुणी केलेली नाही, एवढंच ते बोलले. पण त्या वर्षी गावात आलेल्या रोपांतली जी नर्सरीच्या ट्रकमधून उतरताना मान टाकून पडली होती, ती काकांनी गोळा करून घरी नेली. काकूंची न्हाणी दीड महिना रोपांनी अडवली होती. काकू तो काळ अजून ‘ते 33 कोटींचं वर्ष’ म्हणूनच सांगतात.

हा माणूस वाचतोही, आणि तिथंच खरा धोका आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र त्यांना कुठल्याशा व्याख्यानात सापडलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा मजकूर. आरमाराला लाकूड लागलं तर रानातलं साग वगैरे परवानगीनं तोडावं, पण आंबा-फणसाला हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्यातला आशय. काकांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. तीनशे वर्षांपूर्वीच्या अमात्यांना जे ठाऊक होतं ते आमच्या बांधकाम विभागाला ठाऊक नसावं! त्यांनी तो उतारा मोठ्या अक्षरात लिहून पालिकेच्या फलकावर डकवला. दुपारी कारकुनानं तो काढला. त्यावर जावक क्रमांक नव्हता.

झाडाचे शत्रू कोण, असं विचारलं तर सभेत लोक प्रदूषण म्हणतात. काकांच्या वहीच्या मागच्या पानावर वेगळी यादी आहे. पहिली शेळी. काकांनी दवाखान्याच्या रस्त्याला ‘येथे शेळ्या चारू नयेत’ असा बोर्ड लावला, तर शेळीवाल्या आजी म्हणाल्या, ‘भाऊ, मला वाचता येत न्हाई अन् तिलाबी.’ काकांनी मुकाट्यानं बाभळीच्या काटक्या आणून रोपाभोवती कुंपण उभं केलं. लोखंडी ट्रीगार्ड ते लावत नाहीत. त्याच्यावर देणगीदाराचं नाव मोठं असतं, भंगारवाल्याकडं त्याला भाव चांगला मिळतो, आणि चुकून टिकलाच तर काढायची आठवण कुणाला राहत नाही. मग खोड त्या गजांना गिळत वाढतं. बाभळीच्या काट्याला भंगारात किंमत नाही आणि तो स्वतःच कुजतो.

दुसरा शत्रू खिळा. वर्षभर काका पक्कड घेऊन झाडांचे खिळे उपटत हिंडतात. मूळव्याध, भगंदर, इंग्लिश स्पीकिंग, एका महिन्यात वजन कमी, युवा नेत्याचा वाढदिवस. निघालेले खिळे डब्यात, पाट्या ज्याच्या त्याला घरपोच. मूळव्याधवाल्या वैद्यांच्या दवाखान्यात भर गर्दीत जाऊन काका म्हणाले, ‘तुम्ही दुसऱ्यांचं दुखणं बरं करता, मग लिंबाला का टोचता?’ बसलेले पेशंट आपापल्या कारणांसाठी गंभीर झाले.

तिसरा शत्रू पेव्हर ब्लॉक. चकाचक करण्याच्या भरात ठेकेदार झाडाच्या गळ्यापर्यंत सिमेंट आणून भिडवतो. पाणी आत शिरत नाही, हवा शिरत नाही, आणि पाच-सहा वर्षांनी वादळात झाड उन्मळलं की ‘मुळं कमकुवत होती’ असा पंचनामा होतो. काका पहाटे पहार घेऊन जातात आणि बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढून आळं मोकळं करतात. पकडल्यावर दाखवायला खिशात झेरॉक्स असते: दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढा, असं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2013 साली सांगितलं होतं. ‘अहो, हा दिल्लीतला हुकूम,’ आमच्या कनिष्ठ अभियंत्यानं हरकत घेतली. ‘मुळं सगळीकडं श्वास घेतात, साहेब,’ काका म्हणाले. अभियंता तरुण होता, त्याच्या अभ्यासक्रमात मुळं नव्हती; पण त्यानं ब्लॉक परत बसवले नाहीत, हे त्याच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.

कायदा काकांना तोंडपाठ आहे. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा 1975 पासून आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला. शिवाय झाड तोडलं तर त्याचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची. ही दुरुस्ती वाचल्यापासून काका टेप घेऊन साऱ्या गावाची वयं काढतात. घेर छातीच्या उंचीवर मोजतात. शास्त्रात ती उंची 1.37 मीटर धरलेली आहे आणि काकांची छाती त्याच्या बरीच खाली येते, म्हणून त्यांनी काठीवर खूण करून घेतली आहे. रस्ता रुंदीकरणात कोर्टासमोरचा लिंब जायचा होता. काका म्हणाले, सत्तरीचा आहे, सत्तर लावा. ठेकेदार म्हणाला, ‘जन्मदाखला?’ काकांनी गल्लीतल्या सर्वांत जुन्या आजींना साक्षीला आणलं. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा हे झाड होतं का, असं विचारलं. आजी म्हणाल्या, ‘असंल बाई. पर तवा मान वर करायची सोय कुठं व्हती?’ साक्ष फिसकटली. लिंब मात्र वाचला. रुंदीकरणाचा निधी दुसऱ्या वॉर्डात वळला.

काका देवभोळे नाहीत. पण त्यांच्या पिशवीत शेंदराची डबी असते. कापडाच्या एका दुकानापुढचं करंज दुकानाची पाटी झाकत होतं. दुकानदाराची स्वतःची मोटारसायकल दिवसभर त्याच करंजाखाली सावलीला असायची, पण माणसाला पाटी दिसते, सावली दिसत नाही. एके सकाळी बुंध्याशी ॲसिडचा वास आला. काकांनी माती बदलली, भरपूर पाणी घातलं आणि रात्री तिथं एक गोटा ठेवून त्याला शेंदूर फासला. सकाळी पहिली उदबत्ती दुकानदारानंच लावली. करंज वाचलं. काका खूष. पुढं मात्र गोष्ट हाताबाहेर गेली. गोट्याला चौथरा झाला. चौथऱ्याला फरशी आली. फरशीवर पत्र्याची शेड आली, आणि शेडच्या आड येते म्हणून एक फांदी गेली. मग दिव्यांची माळ, माळेसाठी खिळे. आता देणगीदार सभामंडप म्हणतात. काकांना आता देवापासून झाड वाचवायचं आहे, आणि त्यासाठी कुठला गोटा मांडावा हे त्यांना कुणी सांगू शकत नाही.

त्यांचं देशीपणाचं वेड मात्र मला कधी झेपलं नाही. गुलमोहराखाली फोटो काढणाऱ्या नवपरिणीत जोडप्याला थांबवून ‘हे मादागास्करचं’ म्हणून सांगायची काय गरज? रेन ट्री अमेरिका खंडातली, गिरिपुष्प तिकडचंच, सुबाभूळ मेक्सिकोची. एका रात्री जेवताना हे पुराण चालू असता काकूंनी विचारलं, ‘आणि मिरची?’ काका थबकले. ‘ती... पोर्तुगीजांनी आणली.’ ‘मग उद्यापासून ठेचा करू नको ना?’ तेव्हापासून काकांचा ठराव दुरुस्त झाला आहे: आहे तो गुलमोहर तोडू नका, नवा लावू नका, करंज, लिंब, चिंच, बहावा लावा. विजेच्या तारांखाली वड-पिंपळ लावणाऱ्याला तर ते वृक्षप्रेमी मानतच नाहीत. पावसाळ्याआधी कोयते येतात आणि अर्ध्या बाजूनं भादरलेलं झाड जन्मभर लंगडं उभं राहतं. तारेखाली कांचन लावा, पारिजातक लावा. हे मात्र मला शंभर टक्के पटतं.

काकूंविषयी थोडं लिहायला हवं, कारण काकांचा अर्धा जमाखर्च त्यांच्या नावावर आहे. तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण, भाज्या धुतलेलं पाणी हे त्या घरात कधी मोरीत गेलेलं नाही. दाराशी ठेवलेल्या बादलीत जातं आणि बादली भरली की काका ‘वाढप’ करायला निघतात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी क्षारांचं असतं, ते रोज एकाच झाडाला घालू नये, यावर दोघांचं एकदा मोठं भांडण झालं. शेवटी काकूंनी त्यानं फरशी पुसायला सुरुवात केली. काकूंची खरी तक्रार निराळीच आहे. लग्नाच्या आमंत्रणांत त्यांचं घर आता वगळलं जातं. काकांनी वन रूम किचनमध्ये संसार थाटणाऱ्या जोडप्याला आहेर म्हणून वडाचं रोप दिलं होतं, आणि वर महिनाभरानं पाहणीला गेले होते.

वटपौर्णिमेला तर काकांना घरात थांबवणं अवघड. स्टँडमागच्या वडाखाली खुर्ची टाकून ते सकाळपासून बसतात. फांदी तोडून घरी कुंडीत पूजा करण्याची सोय काढणाऱ्यांशी ते शांतपणे बोलतात: ‘ताई, सावित्री झाडाकडं गेली होती. झाड सावित्रीकडं आलं नव्हतं.’ यावर दरवर्षी दोन-चार बायका हसून फांदी ठेवतात आणि एखादी त्यांच्या सात जन्मांचा उद्धार करते.

हा माणूस असह्य आहे, याबद्दल दुमत नको. तो आला की लोक रस्ता बदलतात, मोबाईल कानाला लावतात, पोरांना ‘बाबा घरी नाहीत’ सांगायला लावतात. सभ्य, समंजस, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस या कामाला उपयोगाचा नसतो. असा माणूस जुलैत रोप लावतो, फोटो टाकतो आणि मेमध्ये त्याला वाईट वाटतं. झाड जगायला किटकिट करणारा, अपमान विसरणारा आणि वही न विसरणारा माणूस लागतो. आमच्या गावात स्टँडपासून कोर्टापर्यंतच्या रस्त्याला एका बाजूनं सलग सावली आहे. मे महिन्याच्या दुपारी फळांच्या गाड्या, रसवंती, चपला शिवणारे, दस्तलेखक आणि पक्षकार सगळे त्याच बाजूला सापडतात. ज्या ठेकेदारानं जन्मदाखला मागितला होता, त्याची गाडीही तिथंच असते. समोरच्या बाजूलाही दरवर्षी वृक्षारोपण होतं.

तेव्हा येत्या पावसाळ्यात तुमच्या गावच्या काकांकडं नवं रोप मागायला जाऊ नका. त्यांच्या वहीत गेल्या वर्षीची बरीच रोपं बिनमालकाची पडली आहेत. त्यातलं घराजवळचं एक आपल्या नावावर लिहून घ्या, आणि फेब्रुवारी उजाडला की आठवड्याला दोन बादल्या घाला. तपासणीला ते येतीलच.